तिसऱ्या मजल्यावरची आमची घरं

कापडबाजाराच्या मागे, भाजीमंडईला लागून, टिनाच्या खोल्यांची एक रांग होती. सगळं गाव तिला नुसतं 'मागची ओळ' म्हणायचं. एका टोकाला आम्ही राहायचो, दुसऱ्या टोकाला पिंजारी चाचा आणि चाची, जिला माय भाबी म्हणायची, आणि मधे हमालांची, झाडूवाल्यांची, विड्या वळणाऱ्या बायांची घरं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली आमच्यासारखी घरं जास्त, मुसलमानांची थोडी. उन्हाळ्यात टीन इतकं तापायचं की दुपारी माणसं घरात कमी आणि लिंबाखाली जास्त असायची. त्या ओळीत राहणं म्हणजे काही सुख होतं असं मी सांगणार नाही. पण ती बाजारात होती, आणि आमची पोटं बाजारावर होती.

माय भाजी विकायची. उजाडायच्या आत मंडईत हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, सुरू व्हायचा, आणि त्याचा पहिला पुकारा तिला अंथरुणात ऐकू यायचा. पदर खोचून ती दाराबाहेर पडली की मंडईतच. बाबा एका अडत्याकडे हमाल होते. गाडी आली की कोणीतरी ओळीच्या तोंडाशी येऊन हाक मारायचं आणि बाबा निघायचे. चाचांचं तर सगळंच गिऱ्हाईक पुढच्या दुकानांतून यायचं. लोक कापड घ्यायचे, मागे वळायचे आणि गादीचं माप देऊन जायचे. हे सगळं सांगायचं कारण, पुढे एका साहेबानं मायला विचारलं होतं, "बाई, घर इथं काय आणि तिथं काय, छप्पर तर दोन्हीकडे आहे ना?" शिकलेला माणूस होता.

आमचं गाव तालुक्याचं. वाशीमचा जिल्हा फार नंतर झाला. तेव्हा जिल्ह्याच्या कामाला अकोल्याला जावं लागे. मोठा दुष्काळ सरून एक-दोन पिकं झाली होती आणि बाजारात परत पैसा खेळायला लागला होता. कारंज्याचे, रिसोडचे व्यापारी आमच्या गावात दुकानासाठी गाळे शोधत यायचे. ओळीची जागा ज्या शेठची होती, त्याला तिथं तळमजला धरून चार मजल्यांची इमारत उभी करायची होती. गावात तेव्हा माडीच्या वर काही नव्हतं. गावाच्या नकाशात ती जागा राहण्याची म्हणून दाखवलेली होती आणि पेठेत एका माडीहून उंच बांधायला मनाई होती. म्हणजे नगरपालिकेनं नकाशा बदलला तरच शेठचं काम होणार होतं.

नगरपालिकेनं तो बदलला. पण अट घातली. अध्यक्षांनी चौकात सभा घेऊन ती अट मोठ्यानं सांगितली, म्हणून गावातलं शेंबडं पोरही तिचं साक्षीदार होतं. तळाला दुकानं, पहिल्या मजल्यावर कचेऱ्या, दुसऱ्यावर विकायची घरं आणि तिसरा मजला सगळाच्या सगळा ओळीतल्या कुटुंबांना, जुन्याच भाड्यानं, कायमचा. "शेठजींना आपण आभाळ दिलं," अध्यक्ष म्हणाले, "पण त्यातला एक तुकडा गरिबासाठी राखून ठेवला." टाळ्या पडल्या. शेठनं हात जोडले. आमच्या ओळीनं अध्यक्षांना झेंडूचा हार घातला. तो हार मायनंच गुंफला होता.

मी तेव्हा शिक्षिका व्हायचा अभ्यास करत होते. ओळीतल्या बाया मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, "पक्कं हाय नं वं पोरी?" मी सांगायचे, पक्कं आहे. ठराव झाला आहे.

चाचीला मात्र उंचीची धास्ती. "या अल्ला, इतक्या उच्चीवर माया जीव घाबरते. खिडकीतून खाली पाह्यलं तं गरगरन."

"तं नको पाहू खाली," माय म्हणाली. "वर पाह्य. आपल्या डोक्यावर आता कोनाचंच घर नाई."

ओळ पाडली तेव्हा आम्ही कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून बांबूच्या ताटव्यांच्या झोपड्या घातल्या. थोड्या दिवसांचा प्रश्न, असं सगळे म्हणत होते. आणि इमारत उठायला लागली. त्या काळात सिमेंट परमिटशिवाय मिळायचं नाही. लोकांचे विहिरींचे कठडे परमिटसाठी अडून राहायचे. शेठला ते झटपट मिळालं, कारण इमारतीत गरिबांची घरं होती. हे काही गुपित नव्हतं. शेठ स्वतः पानाच्या ठेल्यावर उभा राहून सांगायचा, "या लोकांचं पुण्य कामी आलं." आमच्या नावावर आलेल्या सिमेंटनं खालची दुकानं बांधली गेली, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कन्या बांधल्या गेल्या, आणि दर्शनी जिनाही. रुंद, गुळगुळीत, कडाप्पा फरशीचा जिना. असा जिना गावानं पाहिला नव्हता.

तो बांधला कोणी? ओळीतल्या बायांनीच. माय भाजी विकून आली की दुपारी घमेली उचलायला जायची. चाचीचे गुडघे दुखायचे, म्हणून ती खाली बसून विटा भिजवायची. तिसऱ्या मजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा माय मला हाताला धरून वर घेऊन गेली. अजून गिलावा नव्हता. ओल्या सिमेंटचा वास होता. बाजाराकडच्या कोपऱ्यात ती उभी राहिली आणि म्हणाली, "हे आपली खोली." खिडकीच्या भगदाडातून खाली मंडईतले कांद्याचे ढीग दिसत होते. "इथून हाक मारली तं तुया बाबाले अडतीत ऐकू जाईन," ती म्हणाली आणि खरंच तोंडाशी हात धरून तिनं बाबांना हाक मारली. खालून कोणी वर पाहिलं नाही. ती खूप हसली. मायला मी एवढं मोकळं हसताना फार कमी वेळा पाहिलं.

छताचा स्लॅब टाकला त्या दिवशी शेठनं बुंदी वाटली.

दुसऱ्या मजल्यावरची घरं घेतली ती वकिलांनी, अडत्यांनी, एका डॉक्टरनं. सगळी प्रतिष्ठित माणसं. माल घेताना मायशी हसून बोलणारी. ही माणसं राहायला येण्याआधी घर बघायला आली, आणि त्यांच्या लक्षात आलं की जिना एकच आहे. आम्ही रोज त्यांच्या दारावरून वर जाणार होतो.

यापुढचं लिहिताना माझा हात आजही जड होतो, रागानं. कोणी मोठ्यानं काही बोललं नाही. शिवी दिली नाही, जातीचं नाव घेतलं नाही. फक्त शेठनं एक दिवस आमच्या झोपड्यांकडे माणूस पाठवला आणि त्यानं सांगितलं की मागच्या बाजूनं लोखंडी जिना लावून देऊ, तुम्ही तिकडून जा.

आमच्या झोपडीसमोर सगळी ओळ जमली. बाबांचं म्हणणं, घ्यावा लोखंडी जिना. "वर तं जायले मिळते नं? घर पाह्यजे का जिना पाह्यजे?"

"दोन्ही पाह्यजे," माय म्हणाली. "म्या त्या जिन्यावर रेती वाहली. तवा कोन्या वकिलानं मले नाई म्हटलं की बाई, मागून जाय."

"तू भांडत बसशीन आन् घर जाईन."

बाबा चुकीचे नव्हते. ओळीतल्या बहुतेकांना तसंच वाटत होतं. शेवटी चाचीनंच विचारलं, लोखंडी जिना किती उभा असेल? शेठच्या माणसानं हातानं दाखवला. जवळजवळ शिडीच. चाची आपल्या गुडघ्यांकडे पाहत राहिली. तरीही, मायला बाजूला ठेवून, ओळीनं होकार कळवला. इतकं खाली वाकलो आम्ही. लोखंडी जिन्यालाही हो म्हटलं.

तो जिना लागलाच नाही. त्याऐवजी एका दुपारी नगरपालिकेच्या सभेत अटच बदलली. त्या दिवशी काहीतरी शिजतंय ही कुणकुण लागली होती, म्हणून माय मला घेऊन गेली. मागे भिंतीशी लोकांना उभं राहायला जागा असायची, तिथं आम्ही उभ्या राहिलो. दिवाबत्ती झाली, गटारं झाली, आणि मग एकानं वाचून दाखवलं की ओळीतल्या कुटुंबांना घरं 'सदर इमारतीत' याऐवजी 'नगरपालिका हद्दीत' देण्यात यावीत. एवढाच बदल. जागा सुचवली होती नाल्यापलीकडची, जिथं मेलेली जनावरं ओढून टाकत. हात वर झाले. आमच्या वॉर्डाच्या सभासदाचाही झाला. ज्याच्या निवडणुकीत माझ्या बाबांनी रात्रंदिवस पत्रकं वाटली होती, तो माणूस हात वर करताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

माय भिंतीजवळून बोलली, "मले काही इचारायचं हाय."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, ही सभा आहे, बाजार नाही."

"बाजारात तं एकदा तोलून दिलेलं कोनी माघारी घेत नाई, साहेब," माय म्हणाली.

शिपायानं आम्हाला बाहेर काढलं. माझी मान खाली गेली होती, मायची नाही. रस्त्यानं ती एकच वाक्य पुटपुटत होती, "हार म्याच गुफला होता."

दुसऱ्या दिवशी मंडई उरकल्यावर तिनं चूल उचलली. खरोखरच उचलली, मातीची चूल, टोपल्यात घालून डोक्यावर. बाकीच्या बायांना तिनं बोलावलं नाही. पण ती झोपड्यांसमोरून चालत गेली आणि एकेक दार उघडत गेलं. कोणी पातेलं घेतलं, कोणी पिठाचा डबा, चाचीनं वळकटी. कडाप्पाच्या रुंद जिन्यावरून आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. दारांना अजून कुलपं नव्हती. मायनं कोपऱ्यातल्या खोलीत चूल मांडली आणि भाकरी टाकायला घेतली. खिडकीतून धूर बाहेर पडला तशी खालची सगळी मंडई वर पाहायला लागली. चाचीही खिडकीशी गेली, दोन्ही हातांनी चौकट धरून, आणि खाली पाहून म्हणाली, "गरगरत तं नाई, बाई."

शेठ आला. तो चिडलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "बाई, मला काय तुमचं वाईट करायचंय? हे लोक पैसे परत मागून राह्यले. माझी अडचण समजा."

"आमची कोन समजीन?" माय म्हणाली. "तुमाले उच्चं बांधायचं होतं तवा आमी कामाचे होतो. सिमेंटले आमचं नाव चाललं. आता जिन्यावर आमचे पाय नाई चालत?"

शेठ जिना उतरून गेला. तासाभरात वरचा नळ बंद झाला.

मग आम्ही खालून पाणी आणायला लागलो. मी, विड्या वळणाऱ्या मुली, सगळ्या. हंडा डोक्यावर घेऊन तीन मजले चढायचं. पाणी सांडायचं आणि दुसऱ्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्यांची दारं उघडायची. एकदा एक बाई बाहेर आल्या. नीटनेटक्या, हळू आवाजाच्या. मायला म्हणाल्या, "तुमचं आमचं काही वैर नाही. पण आमच्या घरात लग्नाच्या मुली आहेत. पाहुणे येतात-जातात. तुम्हीच विचार करा."

मायनं हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. "हे बी लग्नाचीच हाय. ह्या जिन्यावर पाय घसरून पडन बिचारी, पानी वाहून वाहून. तुमी नळ चालू कराले सांगा नं शेठले. मंग एकबी थेंब सांडनार नाई."

त्या बाईंनी दार लावून घेतलं. हळूच, आवाज न करता. त्यांच्या त्या सभ्यपणाचा मला जितका संताप आला, तितका शेठचाही आला नाही.

पुरुष मंडळी या सगळ्यात खालीच होती. बाबांचा अडत्या शेठचा व्याही. त्यानं बाबांना सांगून ठेवलं होतं की बायकोला उतरव, नाहीतर उद्यापासून गाडीला हात लावू नकोस. बाबा दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. झोपडीतच एकटे राहिले, एकटेच जेवले. मायही त्यांचं नाव काढत नव्हती. तिसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी जिन्यावर जड पावलं वाजली. बाबा होते. पोतं उचलावं तसा पाण्याचा मोठा रांजण त्यांनी पाठीवर घेतला होता, कमरेत वाकून, हमाली चालीनं एकेक पायरी चढत. अडत्या आपल्या पेढीच्या दारात उभा राहून पाहत होता. बाबांनी रांजण कोपऱ्यात टेकवला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "भाकर हाय का?"

मायनं ताट वाढलं. बाबांचं अडतीवरचं काम त्याच दिवशी सुटलं.

आम्ही अकोल्यालाही जाऊन आलो, एसटीनं, मोठ्या साहेबाला भेटायला. छप्पर इथं काय आणि तिथं काय, हे विचारणारा साहेब तो हाच. त्यानं चहा दिला, ऐकून घेतलं आणि सांगितलं की ज्या सभेनं अट घातली तिला ती बदलायचाही अधिकार आहे. मी विचारलं, "मग चार मजल्यांची परवानगी पण बदलेल का? ती तर या अटीवरच दिली होती." त्यानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, जणू मी वर्गात चांगलं उत्तर दिलं होतं. "इमारत आता उभी झाली, मुली," तो म्हणाला. इमारत उभी झाली की तिची अट आडवी होते, हे मला त्या कचेरीत कळलं.

पोलीस आले ते सकाळी, आमच्यातल्या निम्म्या बाया मंडईत असताना. लाठी उगारली नाही कोणावर. चूल फोडली. पातेली, वळकट्या, पिठाचे डबे उचलून खाली चौकात नेऊन ठेवले. चाचीला जिना उतरवेना, तर एका पोलिसानं तिला हाताचा आधार दिला, आणि चाची सवयीनं त्याला म्हणाली, "जीते रहो बेटा." मग तिला कळलं आपण काय बोललो, आणि तिथंच पायरीवर बसून ती रडायला लागली.

नाल्यापलीकडे आम्हाला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. पावसाळ्यात नाला भरला की गावात जाता यायचं नाही आणि मायचा हर्रास चुकायचा. मग ती दुसऱ्या बाईकडून उरलासुरला माल घ्यायची, दुपारपर्यंत बसून विकायची. बाबा जिनिंगमध्ये रोजानं जायला लागले, हंगाम असला तर. चाचांकडे इतक्या लांब गादी भरायला कोण येणार? ते धनुकली खांद्यावर टाकून जऊळक्याकडच्या खेड्यांत फिरू लागले, आणि सणावाराला घरी येऊ लागले. बाजारातल्या इमारतीचा तिसरा मजला काही महिने रिकामा होता. त्यानंतर एका दाळवाल्यानं तो गोदामाला घेतला.

पुढल्या वर्षी नाल्यापलीकडे मांडव पडला. नगरपालिका आम्हाला घरांचे दाखले देणार होती. तोच अध्यक्ष, तसाच हार, फक्त या वेळी हार बाहेरून आणवला होता. बायांची नावं पुकारली जात होती. माय वर गेली, दाखला घेतला, आणि आभाराचे दोन शब्द बोला म्हणून कोणीतरी तिच्यापुढे माईक धरला.

"हे घर आमी मांगलं नवतं," माय म्हणाली. "आमचं घर बाजारात हाय. तिथं आता तुरीच्या दाळीचे पोते राह्यतात. ते पोते पुढच्या जिन्यानंच वर जातात. त्यायले कोनी मागून जा म्हनत नाई."

माईक बंद झाला. ती पुढेही बोलत होती. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. अध्यक्ष हसत टाळ्या वाजवत होते, तिचं भाषण संपल्यासारखे.

त्या कार्यक्रमानंतर आमच्याकडे येणारा पाण्याचा टँकर येईनासा झाला. बिघडला, असं सांगितलं. गावात इतरत्र तो दिसत होता. माय रागानं लाल झाली, पण या वेळी तिनं एकटीनं काही उचललं नाही. घरोघर गेली. सगळ्या बाया रिकामे हंडे घेऊन नाला ओलांडून गेल्या आणि नगरपालिकेच्या दारात हंडे मांडून बसल्या. मी तेव्हा एका खेड्यावरच्या शाळेत नोकरीला लागले होते. रजा टाकून मीही आले. कारकुनांना जेवायला बाहेर पडता येईना. संध्याकाळच्या आत टँकर निघाला, आणि आम्ही त्याच्या मागे मागे चालत वस्तीवर आलो. चाची दारातच रिकामी बादली घेऊन उभी होती. नळी हातात घेऊन माय टँकरवाल्याला ओरडून सांगत होती, "थांब, इकडून सुरुवात कर. भाबीचे गुडघे दुखतात."